तीन-दहाची गाडी

जुनी कथा पुन्हा पडद्यावर आली कीं आम्हां वृद्धांच्या कपाळाला आठी पडते. वस्तुतः तेंच आख्यान नवा कीर्तनकार लावतो, तेव्हां आपण आवडीनें बसतों! ‘थ्री टेन टू युमा’ या १९५७ च्या अमेरिकन चित्रपटाची जेम्स मॅन्गोल्ड यांनीं २००७ मध्यें काढलेली नवी आवृत्ति मला तर अधिक भावली.

कर्जबाजारी शेतकरी डॅन दोनशें डॉलरांसाठीं वेड या दरोडेखोराला तुरुंगाच्या गाडीवर पोंचविण्याचें पत्करतो. जुन्या चित्रपटांत अखेर पाऊस येतो, शेतकरी वांचतो. नव्यांत धूळ नि रक्त अंमळ अधिकच आहे. पण दाहक आहे तें निराळेंच. मोठा मुलगा बापाला दुबळा समजतो. सोबती पळाल्यावरहि डॅन, कुटुंबाची सोय मागून घेऊन, एकटा निघतो. त्याला मुलाच्या नजरेंत उभें राहावयाचें असतें. युद्धांत त्याचें पाऊल गेलें तें शत्रूमुळें नव्हे, माघार घेतांना स्वपक्षाच्याच गोळीनें. ही कबुली तो देतो ती कैद्याला. डॅन गोळ्या लागून पडतो, तेव्हां तोच कैदी आपल्या साथीदारांना ठार करून, कोणी न सांगतां, पुन्हा गाडींत जाऊन बसतो.