छायाचित्रांवरून पाषाणाचें माप



गडचिरोली जिल्ह्याच्या चामोर्शी तालुक्यांत, वैनगंगा जेथें उत्तरवाहिनी होते त्या कांठावर, मार्कंड्याच्या देवळांचा समूह उभा आहे. १८७३-७४ सालीं जनरल अलेक्झांडर कनिंगहॅम येथें आले, तेव्हां येथील कोरीव काम पाहून त्यांना खजुराहोचें स्मरण झालें. मुख्य देवळाचें शिखर पूर्वीं वीज पडून भंगलें व पुढें एका गोंड राजानें त्याची डागडुजी केली, असें परंपरा सांगते. ही हकीकत छायाचित्रणाच्या शोधापूर्वींची. त्यामुळें मूळ शिखर कसें होतें, हें आतां तर्कानेंच जाणावयाचें. आज मात्र हातीं साधा मोबाईल असलेला शाळकरी मुलगाहि गांवच्या मूर्तीची अशी नोंद ठेवूं शकेल कीं, तीवरून पुढें कोणासहि तिची लांबी, रुंदी व खोली मोजतां यावी. या विद्येचें नांव फोटोग्रॅमेट्री. तिचा आरंभ कसा करावा, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

विद्या नवी नाहीं. १८५८ सालीं जर्मनींत वेट्झलार येथील मोठ्या चर्चचें मोजमाप घेतांना आल्ब्रेख्त मायडेनबाउअर हा तरुण उंचावरून पडतां पडतां वांचला, आणि भिंतीवर न चढतां छायाचित्रावरूनच माप कां घेऊं नये, हा विचार त्याच्या मनांत आला. पुढें १८८५ मध्यें बर्लिन येथें याच कामासाठीं सरकारी संस्था निघाली. तेथें सांठविलेल्या इमारतींच्या कांचा दुसऱ्या महायुद्धानंतर जीर्णोद्धाराच्या कामीं आल्या.

तत्त्व आपल्या दोन डोळ्यांचेंच आहे. एकच खूण दोन जागांहून पाहिली म्हणजे तिचें अंतर कळतें. संगणक प्रत्येक छायाचित्रांत शेंकडों बारीक खुणा हेरतो, त्याच खुणा इतर छायाचित्रांत शोधतो, आणि कॅमेरा कोठें कोठें होता हें त्यावरून ठरवून त्या खुणांची जागा अवकाशांत निश्चित करतो. यासाठीं लागणारें सॉफ्टवेअर विनामूल्य आहे, आणि मुक्तहि आहे. या दोहोंत भेद आहे. फुकट देणारा उद्यां हात आखडूं शकतो. मुक्त आज्ञावलीची मूळ संहिता सर्वांपुढें उघडी असल्यानें ती परत घेतां येत नाहीं. संगणकांत एनव्हिडियाचें ग्राफिक्स कार्ड असेल तर मेशरूमपासून सुरुवात करावी. नसेल तर वेबओडीएम घ्यावें. तें मुख्यतः ड्रोनच्या छायाचित्रांसाठीं निघालें असलें, तरी जमिनीवरून घेतलेलीं छायाचित्रेंहि त्याला चालतात. कोलमॅप अधिक जिज्ञासूंसाठीं.

आज्ञावली मिळाली म्हणून लगेच मार्कंड्यास धांवूं नये. स्वयंपाकघरांतला पाटा घ्यावा, तोहि नुकताच टांकी लावलेला. त्या टांकीच्या खांचा म्हणजेच संगणकाला हव्या असलेल्या खुणा. तांब्याची घांसलेली कळशी मांडाल तर काम फसेल. चकाकी जागोजाग सरकते आणि संगणक चकतो. पाटा ओट्यावर ठेवून एका जागीं उभें राहून मान वळवूं नका, त्याच्याभोंवतीं फिरा. दर पावलाला एक छायाचित्र. प्रत्येकांत मागच्याचा दोनतृतीयांश भाग पुन्हां यावा. एक फेरी खालून, एक डोळ्यांच्या उंचीवरून, एक वरून. झूम नको, फ्लॅश तर नकोच. पन्नासएक छायाचित्रें पुरेत. आणि शेजारीं एक मोजपट्टी अवश्य ठेवा. कारण छायाचित्रांवरून आकार कळतो, माप कळत नाहीं. पट्टीवांचून पाटा आणि पर्वत संगणकाला सारखेच.

हात बसला कीं चंद्रपूरच्या लालपेठ-बाबूपेठ भागांत जावें. तेथें उघड्या आभाळाखालीं प्रचंड पाषाणमूर्ति पडून आहेत. रायप्पा नांवाच्या धनिकानें देऊळ योजलें व तें अपुरें राहिलें, असें सांगतात. दहा मुखांमुळें लोक एका मूर्तीस रावण म्हणतात, ती वस्तुतः दुर्गा आहे. अशा कोरड्या, अचल दगडासारखा गुरु नाहीं. जंगलांतील मूर्तींचें मात्र तसें नाहीं. सागाच्या झाडाखालीं ऊन-सांवली हलते, पानें हलतात, आणि भक्तांनीं लावलेलें तेल-शेंदूर लकाकतें. म्हणून ढगाळ सकाळ निवडावी. आणि तेल पुसण्याच्या फंदांत मात्र कोणी पडूं नये, तो पूजकांचा अधिकार आहे. मार्कंड्याची देवळें केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालीं आहेत. तेथें तिपाई मांडावयाची किंवा ड्रोन उडवावयाचा तर आधीं परवानगी घ्यावी लागते. ड्रोनची मला फारशी ओढ नाहीं. त्याला कळस दिसतो, पण जंघेवरील सुरसुंदरीचें बोट हातांतल्या कॅमेऱ्यालाच दिसतें.

संगणकानें घडविलेली आकृति पाहून मन हरखतें, आणि पुष्कळ जण जागा मोकळी करण्यासाठीं मूळ छायाचित्रें पुसून टाकतात. तसें करूं नये. वीस वर्षांनीं येणारी आज्ञावली त्याच छायाचित्रांतून आजच्याहून बारीक आकृति काढील. पुसलेल्या छायाचित्रांतून कांहींच काढणार नाहीं. मूळ छायाचित्रांचा एक संच घरीं ठेवावा, दुसरा गांवच्या शाळेंत द्यावा, आणि दोहोंबरोबर तारीख, जागा व मोजपट्टीची लांबी लिहिलेला कागद जोडावा.