गरी, काठी आणि दोरी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून संतवाङ्मय, नाट्यसंगीत किंवा बृहन्महाराष्ट्रातील मराठी माणसाचे भवितव्य अशा विषयांवर बोलण्याची रीत आहे. आम्ही मात्र मासे धरण्याची काठी, तिची चरखी आणि तिची दोरी यांविषयी बोलण्याची परवानगी मागितली आणि कार्यकारिणीने ती दिली, हा तिच्या मनाचा मोठेपणा. आम्ही पडलो कलाशाखेचे पदवीधर. केंद्र सरकारच्या सेवेत तीस वर्षे फायली हाताळल्या. समोर बसलेल्यांपैकी कित्येकांनी पोलाद कारखान्यात उमेदीची वर्षे घालविलेली आहेत. दातेरी चक्रे आणि वंगण यांविषयी आपल्यापुढे बोलणे हे धाडसच आहे. चुकले तर सांभाळून घ्यावे.

निमित्त असे घडले की, गेल्या दिवाळीत आमच्या भाच्याने अमेरिकेहून येताना आमच्यासाठी एक काठी आणली. तिकडे 'बास' नावाचा मासा फार लोकप्रिय आहे आणि ही काठी खास त्याच्यासाठी केलेली. साडेसहा फूट लांब, वजनाने हलकी, शेंड्याला लवचीक आणि बुडख्याला ताठ. आमच्याकडे फराळाला आलेल्या दोघा-तिघांनी ती हातात घेऊन एकच प्रश्न विचारला, "ही इथे चालेल का?" आजचे भाषण हे त्या प्रश्नाचे लांबलेले उत्तर आहे.

प्रथम एका शब्दाविषयी. आमचे बालपण मालवणकडचे. तिकडे गळाला 'गरी' म्हणतात आणि गळाने मासे धरण्याला 'गरवणे'. बदली होऊन भिलाईत आलो, त्या पहिल्याच हिवाळ्यात शिवनाथेच्या काठी काठी टाकून बसलो होतो. केवट समाजातील एक वृद्ध गृहस्थ जवळ येऊन म्हणाले, "गरी खेले बर आय हव का, साहब?" आम्ही चमकलो. समुद्रापासून इतक्या दूर, छत्तीसगडी बोलीत, आमच्या आजोळचा शब्द! शिवनाथेचा उगम गडचिरोलीच्या सीमेलगतच्या डोंगराळ भागातला. तिच्याशी आमचे नाते तसे जवळचेच, पण हा शब्द भेटल्यावर परकेपणा पार गेला.

या हौसेला मोठी परंपराही आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेला 'मानसोल्लास' हा बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथ. मराठीच्या जुन्या खुणा त्यात सापडतात, म्हणून वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासकांना तो ठाऊक असतो. त्याच ग्रंथात गळाने मासे धरण्याच्या विनोदावर स्वतंत्र प्रकरण आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली त्यावर लेख लिहून जगाचे लक्ष वेधले. पुढे १८७३ साली 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक लिहिणारे एच. एस. थॉमस हे मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकारी होते. तेव्हा राजाला आणि सरकारी नोकराला ही हौस शोभते, एवढे आमच्या सौभाग्यवतींनी कृपया ऐकून ठेवावे.

आता काठीकडे वळू. काठी निवडताना पहिला प्रश्न दुकानदाराला विचारायचा नसतो, स्वतःला विचारायचा असतो : आपण कोणत्या पाण्यावर आणि कोणत्या माशासाठी बसणार? आपल्या तलावांत रोहू, कतला आणि मृगल हे मासे मुख्य. ते काठापासून काही अंतरावर, तळाशी, मध्यावर किंवा पृष्ठभागाजवळ चरतात. त्यांच्यासाठी नऊ-दहा फुटांची, मध्यापर्यंत वाकणारी काठी बरी. लांबीमुळे आमिष दूर जाते आणि माशाचे हिसके काठी स्वतःच्या अंगावर घेते. याउलट मरळ झाडोऱ्यात आणि शेवाळात दबा धरून बसतो आणि पुढून जाणाऱ्या बेडकावर किंवा छोट्या माशावर झडप घालतो. बासची शिकारही काहीशी अशीच. म्हणून भाच्याची आखूड, ताठ बुडख्याची काठी मरळासाठी उत्तम. रोहूसाठी मात्र तीच घेऊन बसलात, तर आमिष जवळ पडेल आणि मोठ्या माशाची पहिलीच धाव दोरीवर येईल. प्रश्नाचे अर्धे उत्तर हे झाले.

काठीचे द्रव्य तीन प्रकारचे. बांबूची काठी स्वस्त आणि आपली. ती जून बांबूची, सावलीत वाळविलेली आणि अधूनमधून तेल पुसलेली असावी. काचतंतूची काठी जड असते, पण सोशीक. नवशिक्याने आणि मुलांनी तीच घ्यावी. कार्बनतंतूची काठी हलकी, माशाचा हलका स्पर्शही हाताला कळविणारी आणि महाग. मात्र तिच्याविषयी दोन इशारे आहेत. तिला दगडाची एक टीच लागली, तर त्या दिवशी काही दिसत नाही. पुढे केव्हातरी भर ओढीत ती तिथेच मोडते. दुसरा इशारा जिवाचा आहे. कार्बनमधून वीज वाहते. उच्च दाबाच्या तारांखाली ती उभी धरून चालू नये आणि आभाळात गडगडाट सुरू होताच काठी खाली ठेवून पाण्यापासून दूर व्हावे. आपल्या परिसरात अशा तारांचे जाळे किती आहे, हे आपणांस सांगायला नको.

काठीची निगा सोपी आहे. घरी आल्यावर ओल्या फडक्याने पुसून ती कोरडी करावी, मगच कापडी पिशवीत घालावी. दोरी ज्यांतून जाते त्या कड्या महिन्यातून एकदा कापसाच्या बोळ्याने आतून पुसाव्यात. कापसाचा तंतू जिथे अडकेल तिथे चीर आहे असे समजावे. डोळ्यांना न दिसणारी ही चीर दोरीला करवतीसारखी कापते. सांध्यावर मेणबत्तीचे मेण किंचित चोळावे, तेल लावू नये. आणि काठी कोपऱ्यात टेकून न ठेवता आडवी ठेवावी किंवा उभी टांगावी. आमच्या माहितीतल्या जितक्या काठ्या मोडल्या, त्यांतल्या माशाने थोड्या मोडल्या. बाकीच्यांचा बळी मोटारीच्या दाराने आणि छताच्या पंख्याने घेतला.

आता चरखी. आपले बंगाली शेजारी तिला 'हुइल' म्हणतात, आणि या हौसेत ते आपले गुरू, हे मोकळेपणाने मान्य करावे. चरखीचे प्रमुख प्रकार तीन. एक साधे फिरते चाक. दुसरी, जिची फिरकी स्थिर राहते आणि तारेची कमान भोवती फिरून दोरी गुंडाळते. तिसरी, जिची आडवी फिरकी मुठीच्या एका फेऱ्यात अनेक फेरे घेते. तिसरी फार अचूक, पण फेकताना अंगठ्याचा दाब चुकला की दोरीचे घरटे होते. नवशिक्याने दुसरी घ्यावी. दोरी फिरकीच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर खाली राहील इतकीच भरावी. कमी भरली तर फेक आखूड पडते, काठोकाठ भरली तर वेटोळी एकदम सुटतात.

चरखीतील सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे ओढीचा अटकाव, ज्याला दुकानदार 'ड्रॅग' म्हणतो. मासा जोराने पळाला की दोरी तुटण्याआधी फिरकीने सरकून दोरी सोडावी, हे त्याचे काम. दोरीच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यावर तो बांधावा. दोरी सहा किलोची असेल, तर दीड ते दोन किलोला फिरकी सरकली पाहिजे. घरचा ताणकाटा दोरीला अडकवून हे दोन मिनिटांत तपासता येते. परतल्यावर अटकाव सैल करून ठेवावा, नाहीतर आतल्या चकत्या दबून निकामी होतात.

वंगणाविषयी एक कबुली देतो. पहिल्या वर्षी आम्ही कोकणच्या अभिमानाने चरखीत खोबरेल घातले. डिसेंबरातल्या एका पहाटे मूठ फिरेना. खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजते, हे आमच्या सातवीतल्या मुलीने आम्हांला सांगितले. दातेरी चक्रांना थोडे ग्रीज आणि फिरत्या टोकांना शिलाई यंत्राच्या तेलाचा एकेक थेंब, एवढे पुरते. नळाच्या जोरदार धारेखाली चरखी कधी धरू नये. धार धूळ आत लोटते.

आणि आता दोरी. लोक काठीवर हजारो रुपये खर्च करतात, चरखीवर घासाघीस करतात आणि दोरी शिल्लक सुट्ट्या पैशांत आणतात. आम्हीही तेच केले होते.

आमची बदली झाली त्या दुसऱ्या उन्हाळ्यानंतरची गोष्ट. मुलाला बरोबर घेऊन शिवनाथेवर गेलो. काठी नवी, चरखी नवी. दोरी मात्र जुनी, दोन उन्हाळे गच्चीलगतच्या पत्र्याच्या पेटीत पडलेली. इथला मे महिना आपण जाणता. पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, पेटीच्या आतले तापमान वेगळेच. दुपारी तीनच्या सुमारास मोठा मासा लागला. मुलाच्या हातात काठी होती. त्याचा चेहरा आम्हांला अजून दिसतो. मासा एकदा वर आला, वळला, आणि काहीही आवाज न होता काठी सरळ झाली. गळ आणि दहा-बारा मीटर दोरी घेऊन तो गेला. मुलाला वाटले, चूक त्याची झाली. ते वृद्ध गृहस्थ जवळच होते. त्यांनी उरलेले टोक हातात घेतले, दोन बोटांत धरून ओढले, ते कच्च्या सुतासारखे तुटले. म्हणाले, "डोरी मर गे हे, साहब." दोरी मेली आहे.

रात्री वडिलांना दूरध्वनीवरून हकिगत सांगितली. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "काठी मोडली तर तुजां नुकसान, दोरी तुटली तर त्या जीवाचां."

महिन्याभराने त्याच काठावर एका बाभळीला बगळा लटकलेला दिसला. पाय आणि पंख नायलॉनच्या धाग्यात गुरफटलेले. केव्हाच मेलेला. तो धागा आमचाच होता की आणखी कोणाचा, हे सांगता येणार नाही. आम्ही तो आमचा मानला. खाली उतरवून धागा सोडवायला मुलाने मदत केली आणि घरी येईपर्यंत तो एक शब्द बोलला नाही.

तेव्हापासून आमचे नियम असे. पूर्वी रेशमी दोरी असे. ती दर वेळी धुऊन वाळवावी लागे, नाहीतर कुजे. नायलॉन १९३८ साली जगापुढे आले आणि तो त्रास संपला. पण कुजत नाही हा जसा त्याचा गुण, तसाच तो दोषही आहे. ऊन आणि उष्णता यांनी नायलॉन आतून कमकुवत होते, दिसायला मात्र तसेच राहते. म्हणून दोरी घरातील अंधाऱ्या, थंड जागी ठेवावी आणि वर्षाला एकदा बदलावी. दर वेळी निघण्यापूर्वी शेवटचे दोन-तीन मीटर बोटांतून फिरवावेत. खरबरीत लागले तर तेवढे कापून टाकावे. गाठ मारताना दोरी गळाच्या नेढ्यातून ओवून स्वतःभोवती पाच-सहा पीळ द्यावेत, टोक नेढ्याजवळच्या फासातून काढून पुन्हा मोठ्या फासातून घ्यावे आणि थुंकीने ओले करून मगच सावकाश आवळावे. कोरडी गाठ घर्षणाने तापते आणि तिथेच दोरी दुबळी होते. विणलेली आधुनिक दोरी बारीक आणि बळकट असते, पण ती जवळजवळ ताणली जात नाही आणि बोटही कापते. ती अडकली तर हाताला गुंडाळून ओढू नये. आणि जुनी दोरी, मग ती वीतभर का असेना, काठावर टाकू नये. घरी आणावी, बारीक तुकडे करावेत आणि मगच कचऱ्यात द्यावी.

दोन गोष्टी हत्यारांच्या पलीकडच्या. छत्तीसगडात १६ जून ते १५ ऑगस्ट या काळात नद्या आणि जलाशय यांत मासेमारीला बंदी असते, कारण तो प्रजननाचा काळ. नारळी पौर्णिमेपर्यंत होडी न लोटणाऱ्या कोळ्यांच्या मुलखातून आपण आलो आहोत. आपल्याला हे समजावून सांगावे लागू नये. पावसाळ्यात मरळाची जोडी आपल्या पिलांच्या थव्याभोवती राखण करीत फिरते. ती पाण्याच्या पृष्ठभागाजवळ दिसते आणि सहज गळाला लागते. तिला हात लावू नये. आणि कोणत्याही तलावावर बसण्यापूर्वी तो कोणाच्या हक्काचा आहे, हे विचारून परवानगी घ्यावी. ज्यांचे पोट त्यावर चालते, त्यांच्या पाण्यावर आपण हौसेचे पाहुणे असतो.

तेव्हा भाच्याची काठी इथे चालेल का? चालेल. पाणी ओळखून वापरली, कड्या कापसाने तपासल्या, अटकाव ताणकाट्याने बांधला आणि दोरी दर वर्षी बदलली, तर चालेल. यंदा हिवाळ्यात तीच काठी घेऊन आम्ही मुलासह पुन्हा शिवनाथेवर गेलो. मुलगा आता नोकरीला लागला आहे, सुट्टीवर आला होता. काठी जोडण्याआधी त्याने काही न बोलता दोरीचे टोक दोन बोटांत धरले, ओढून पाहिले, दोन मीटर कापले आणि तुकडा खिशात घातला. मासा त्या दिवशी लागला नाही. आम्हांला त्याची खंत वाटली नाही.