मेहेरबानी आणि हक्क



मुंबईच्या गिरणगावात ‘बोनस’ हा शब्द रुजला तो पहिल्या महायुद्धाच्या काळात. महागाई वाढली होती आणि १९१७ मध्ये काही कापडगिरण्यांनी मजुरीवर शेकडा १० ‘युद्ध बोनस’ दिला. मूळ मजुरी एकदा वाढविली की ती खाली आणणे कठीण जाते. बोनसच्या बाबतीत हात आखडता घेता येतो. मालक त्यास मेहेरबानी समजत, कामगार मात्र तो संसाराच्या हिशेबात धरू लागला. पुढे १९२३ सालचा बोनस नाकारण्यात आला आणि १९२४ च्या आरंभी गिरण्या संपाने बंद पडल्या. मुख्य न्यायमूर्ती सर नॉर्मन मॅक्लिओड यांच्या अध्यक्षतेखालील समितीने, कामगारांना बोनसवर कायदेशीर हक्क सांगता येणार नाही, असा निर्वाळा दिला. तो हक्क कायद्यात येण्यास १९६५ साल उजाडावे लागले! आज किमान बोनस शेकडा ८.३३, म्हणजे हिशेबास धरलेल्या वार्षिक वेतनाचा बारावा हिस्सा, आणि कमाल बोनस शेकडा २० आहे.

गिऱ्हाईक खुषीने जी बक्षिसी देते, तिची गोष्ट निराळी. उपाहारगृहात ती वाढप्याच्या हाती पडते. भटारखान्यातील आचारी आणि भांडी घासणारा पोरगा गिऱ्हाइकाच्या नजरेसही पडत नाहीत. अमेरिकेच्या संघीय कायद्यात तर बक्षिसी मिळविणाऱ्या नोकरास मालकाने ताशी अवघे २.१३ डॉलर दिले तरी चालतात. हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. बक्षिसी धरून ७.२५ डॉलर भरले नाहीत, तर तूट मालकाने भरावयाची. पण ती मागावयाची कोणी, हा प्रश्न उरतोच. आपल्याकडे बिलात परस्पर लावल्या जाणाऱ्या सेवाशुल्काची सक्ती ग्राहकावर करता येणार नाही, हे दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये स्पष्ट केले. ग्राहकांना त्यामुळे दिलासा मिळाला. नोकराच्या पगाराची जबाबदारी अर्थातच मालकाकडे राहिली, आणि ती तेथेच असावयास हवी.

कामागणिक मोबदल्याचे आणखी एक उदाहरण पंचायत सदस्यांच्या रोजच्या पाहण्यातले आहे. २००५ मध्ये सुरू झालेल्या ग्रामीण आरोग्य अभियानातील ‘आशा’ ताईंना नेमून दिलेल्या कामांनुसार मोबदला ठरविण्यात आला. रुग्णालयात झालेल्या बाळंतपणाची नोंद होते. परंतु त्यासाठी चार वेळा घरी जाऊन सासूची समजूत घातली, अपरात्री वाहन शोधले, याकरिता तक्त्यात वेगळा रकाना नसतो. मोबदल्याचे अर्ज तपासणाऱ्यांनी निदान झालेल्या कामाचे पैसे वेळेवर निघतात की नाही, एवढे तरी दरमहा पाहावे.