बंबाचा वेग: कायद्याची मुभा आणि रस्त्यावरचे गणित



वर्दीवर निघालेल्या अग्निशमन वाहनाने किती वेगाने जावे, या प्रश्नाला भारतीय कायद्यात आकड्यातले उत्तर नाही. आणि ते नसल्यामुळेच अग्निशमन सेवा, परिवहन विभाग, वाहतूक पोलीस आणि नगररचना या चारही क्षेत्रांतील मंडळी एकत्र जमलेल्या या अधिवेशनात त्याची नीट छाननी होणे अगत्याचे ठरते. दलाच्या बोलीत ‘वर्दी’ म्हणजे आगीची किंवा अपघाताची खबर आणि त्यावर निघण्याचा आदेश. ही वर्दी मिळाल्यापासून पहिला बंब घटनास्थळी उभा राहीपर्यंतचा अवधी म्हणजे प्रतिसादकाळ, असे ढोबळमानाने म्हणता येईल. जनमानसात हा काळ चालकाच्या पायाखालच्या ॲक्सिलरेटरवर अवलंबून असतो. प्रस्तुत भाषणाचे प्रतिपादन असे की तो त्यावर सर्वांत कमी अवलंबून असतो.

प्रथम कायद्याची बाजू पाहू. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११२ अन्वये वेगमर्यादा ठरवल्या जातात, तर कलम ११८ अन्वये वाहन चालवण्याचे विनियम केंद्र सरकार करते. त्यानुसार २०१७ मध्ये आलेल्या विनियमांत तातडीच्या सेवेतील वाहनांना रस्त्यावर अग्रहक्क देताना अग्निशमन वाहनाला पहिले स्थान दिले आहे, रुग्णवाहिकेला दुसरे आणि पोलीस वाहनाला तिसरे. प्राणरक्षणासारख्या अत्यंत निकडीच्या प्रसंगी लाल सिग्नल ओलांडणे, वेगमर्यादेपलीकडे जाणे, साइडपट्टीवरून किंवा एकेरी मार्गात उलट दिशेने जाणे या सवलती त्याच विनियमांत आहेत. मात्र बहुरंगी दिवा व भोंगा चालू असणे आणि चालकाने जबाबदारीने वाहन हाकणे या अटी त्यांना जोडलेल्या आहेत. व्यावसायिक वाहनांना ताशी ८० किलोमीटरवर रोखणाऱ्या वेगनियंत्रक यंत्राच्या सक्तीतूनही केंद्रीय मोटार वाहन नियमांनी बंबाला वगळले आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १९४-ई तर त्याला वाट न देणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, असा धाक घालते.

मर्यादा ओलांडता येते हे कायदा सांगतो. ती कितीने ओलांडावी हे सांगत नाही. ब्रिटनच्या १९८४ च्या रस्ते वाहतूक नियमन अधिनियमातील कलम ८७ हेही वेगमर्यादा पाळल्याने कामात अडथळा येणार असेल तर सूट देते आणि आकड्याविषयी तितकेच मौन पाळते. हे मौन कायदा करणाऱ्यांच्या विसराळूपणातून आलेले नसावे, कारण सकाळच्या दादरमधला आणि मध्यरात्रीच्या पूर्व द्रुतगती मार्गावरचा सुरक्षित वेग एकाच आकड्यात बसवणे अशक्यच आहे. परंतु या मौनाचा भार अखेर चालकावर येऊन पडतो. वेगाबाबत विनियमांनी दिलेली सूट ही मर्यादेपुरती सूट आहे, निष्काळजीपणाला दिलेली माफी नव्हे. अपघात घडलाच तर भारतीय न्याय संहितेची बेदरकार चालनाविषयीची आणि हयगयीने मृत्यू घडवण्याविषयीची कलमे, म्हणजे अनुक्रमे २८१ आणि १०६, बंबाच्या चालकालाही लागू होतात, आणि त्या वेळी ‘लवकर पोहोचा’ असे सांगणारे वरिष्ठ क्वचितच त्याच्या शेजारी उभे असतात.

वेगाच्या बाजूने जो युक्तिवाद आहे तो मात्र पोकळ नाही, आणि त्याची पूर्ण ताकद मान्य केल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. अग्निअभियांत्रिकीत आगीची वाढ मोजताना ती काळाच्या वर्गाच्या प्रमाणात होते असे गृहीत धरतात. म्हणजे काळ दुप्पट झाला की आगीतून दर सेकंदाला बाहेर पडणारी उष्णता चौपट होते. ‘जलद’ गटातली आग सुमारे १५० सेकंदांत एक मेगावॅटच्या आसपास पोहोचते, आणि तिला जळायला माल व हवा मिळत राहिली तर ३०० व्या सेकंदाला ती चार मेगावॅटची झालेली असते. छताखाली साचलेल्या तप्त वायूंचे तापमान ५०० ते ६०० अंश सेल्सिअसच्या घरात गेले की खोलीतले सगळे जळाऊ सामान जवळजवळ एकाच क्षणी पेट घेते. याला ‘फ्लॅशओव्हर’ म्हणतात, आणि त्यानंतर त्या खोलीत कोणी जिवंत सापडण्याची आशा जवळपास उरत नाही. एक मिनिट म्हणजे काय, हे या व्यवसायातल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही ते यामुळेच.

तथापि वर्गाचा हाच नियम बंबाच्या चाकांखालीही काम करत असतो. साडेचार हजार लिटर क्षमतेच्या बंबात नुसत्या पाण्याचेच वजन साडेचार टन असते, आणि त्याशिवाय पंप, शिड्या, होज आणि जवान असतात. या सगळ्या वस्तुमानाची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. चालकाला धोका दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक सेकंद जातो असे धरले आणि कोरड्या रस्त्यावर वेग दर सेकंदाला सेकंदी पाच मीटरने उतरतो असे मानले, तर ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारा बंब सुमारे २३ मीटरवर थांबतो, ६० च्या वेगाने जाणारा ४४ मीटरवर आणि ८० च्या वेगाने जाणारा ७१ मीटरहून पुढे. पावसाळ्यात डांबरावर चिखल आणि तेल पसरलेले असताना हे आकडे किती लांबतील, याची कल्पना महाराष्ट्रात जून ते सप्टेंबर बंब हाकणाऱ्याला चांगलीच असते. टाकी अर्धवट भरलेली असेल तर वळणावर पाणी बाहेरच्या बाजूला धावते, आणि वाहन सरळ झाल्यानंतरही ते क्षणभर उलट झोकांडी देत राहते. हा हेलकावा अडवण्यासाठी टाकीत बसवलेले आडवे-उभे छिद्रयुक्त पत्रे, ज्यांना ‘बॅफल’ म्हणतात, तो कमी करतात पण नाहीसा करू शकत नाहीत.

एवढी जोखीम पत्करून हाती काय लागते? वेग आणि वेळ यांचे नाते व्यस्त असल्यामुळे वरच्या वेगात मिळणारी बचत झपाट्याने आटत जाते. तीन किलोमीटरचे अंतर ताशी ६० ऐवजी ८० ने कापले, तर तीन मिनिटांऐवजी सव्वादोन मिनिटे लागतात, म्हणजे ४५ सेकंद वाचतात. आणि तेही शहरात सलग तीन किलोमीटर ८० चा वेग टिकला तरच, जे कुठल्याही महापालिकेच्या हद्दीत घडत नाही. उलट तेच अंतर गर्दीतून ताशी २० ऐवजी २५ च्या सरासरीने कापता आले, तर नऊ मिनिटांवरून सात मिनिटे १२ सेकंदांवर येता येते आणि १०८ सेकंद हाती लागतात. सरासरी पाचने वाढवण्यासाठी बंब पळवावा लागत नाही. तो अडणार नाही एवढे पाहावे लागते. दुहेरी पार्किंग, दुभाजकात चुकीच्या जागी ठेवलेला खंड, कुठल्याशा नगरसेवकाच्या आग्रहाखातर घातलेला बेढब गतिरोधक, ज्यावर जड वाहनाला जवळजवळ थांबावेच लागते, ही प्रतिसादकाळ खाणारी खरी कारणे आहेत. त्यांतले एकही चालकाच्या हातात नाही.

चालकाच्या हातात जे आहे, त्यात सर्वांत निर्णायक जागा चौकाची. लाल सिग्नल असलेल्या चौकात बंब शिरतो तेव्हा आडव्या रस्त्यावरच्या चालकाला हिरवा दिवा दिसत असतो, त्याच्या गाडीच्या काचा बंद असतात, आत वातानुकूलन आणि गाणी चालू असतात आणि कोपऱ्यावरच्या इमारतीमुळे भोंग्याचा आवाज नेमका कुठून येतो हे त्याला उमगत नाही. बंबाचा वेग जितका अधिक, तितका आवाज ऐकू येणे आणि बंब समोर दिसणे यांतला अवधी कमी. अमेरिकेतील राष्ट्रीय अग्निसुरक्षा संघटनेचे मानक म्हणूनच सांगते की वर्दीवर जाणाऱ्या वाहनानेही लाल सिग्नलवर पूर्ण थांबावे आणि चौक मोकळा असल्याची खात्री करूनच पुढे जावे. अशा एका थांब्याची किंमत, वेग उतरवणे आणि पुन्हा गाठणे धरून, दहा ते पंधरा सेकंदांची आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. मात्र चार चौकांत मिळून जेमतेम एक मिनिट जाते, आणि ते मिनिट अन्यत्र भरून काढता येते: वर्दी वाजल्यापासून बंबाचे चाक हलेपर्यंतचा, म्हणजे प्रस्थानाचा, काळ हा त्यातला पहिला स्रोत होय. त्याच संघटनेचे १७१० क्रमांकाचे मानक आगीच्या वर्दीसाठी प्रस्थानाला ८० सेकंद आणि पहिल्या बंबाच्या प्रवासाला २४० सेकंद देते. म्हणजे एकूण काळाचा चौथा हिस्सा बंब स्थानकाच्या दारातच असतो.

ग्रामीण भागाचे चित्र वेगळे आहे. तेथे नगरपरिषदेचा एकुलता एक बंब तालुक्यातल्या पेटलेल्या उसापर्यंत किंवा कडब्याच्या गंजीपर्यंत दूरदूर धावतो, रस्ता मोकळा असतो आणि वेगाचा मोह खरा असतो. पाण्याच्या टँकरचे अपघात अमेरिकेत बारकाईने तपासले गेले, तेव्हा एक क्रम वारंवार आढळला: कडेची चाके डांबर सोडून खालच्या कच्च्या पट्टीवर उतरतात, चालक वाहन वर घेण्यासाठी स्टिअरिंग झटक्याने फिरवतो आणि टँकर विरुद्ध दिशेला कलंडतो. खचलेल्या साइडपट्ट्या ज्या राज्यात बातमीचा विषयसुद्धा होत नाहीत, तिथे ही तपासणी परकी वाटण्याचे कारण नाही. अशा वेळी वेग आधी उतरवून मग हळूहळू रस्त्यावर यावे, हा धडा चालक-यंत्रचालकाच्या प्रशिक्षणात सरावासह हवा, नुसता तोंडी नको. आणि बंबात बसलेल्या प्रत्येक जवानाने पट्टा लावल्याखेरीज वाहन हलवू नये, ही शिस्त त्याआधी हवी.

स्थायी अग्निशमन सल्लागार परिषदेच्या शिफारशींनुसार शहरात पाच ते सात मिनिटे आणि ग्रामीण भागात वीस मिनिटे हा प्रतिसादकाळ अपेक्षित आहे. हे उद्दिष्ट मूलतः नकाशावर गाठायचे असते. मुंबईने छोटी अग्निशमन केंद्रे उभारण्याचा जो मार्ग धरला आहे तो या दृष्टीने योग्य दिशेचा आहे, कारण अंतर एक किलोमीटरने घटवणे हे वेग वीसने वाढवण्यापेक्षा सुरक्षितही आहे आणि अधिक फलदायीही. राष्ट्रीय इमारत संहिता, २०१६ उंच इमारतीभोवतीची मोकळी जागा ४५ टन वजनाचा बंब पेलणारी असावी असे सांगते. प्रत्यक्षात त्याच जागेवर रहिवाशांच्या मोटारी आणि मंडळांचे मांडव उभे असतात, आणि रस्त्यावर जिवाच्या आकांताने वाचवलेले ४५ सेकंद फाटकाशी मोटारमालकाला शोधण्यात खर्च होतात.

तेव्हा या अधिवेशनाने काही बाबी ठरावरूपाने शासनापुढे ठेवाव्यात, अशी अध्यक्षपदावरून सूचना आहे. प्रत्येक दलाने स्थायी आदेशाद्वारे मर्यादेवर किती वेग चालेल हे रस्त्याचा प्रकार, पाऊस आणि वाहनाचे वजन पाहून लेखी ठरवावे, लाल सिग्नलवर पूर्ण थांबणे बंधनकारक करावे, आणि हा आदेश पाळल्यामुळे उशीर झाला तर त्याचा ठपका चालकावर ठेवला जाणार नाही असे त्याच आदेशात नमूद करावे. वर्दीच्या नोंदवहीत खबर, प्रस्थान आणि आगमन यांच्या वेळांबरोबर कमाल वेग, अडलेल्या जागा आणि अडण्याचे कारण यांचेही रकाने असावेत, म्हणजे वाहतूक शाखेकडे आणि बांधकाम विभागाकडे तक्रार घेऊन जाताना हातात कागद राहील. परतीच्या फेरीलाही हेच रकाने लागू करावेत: त्या वेळी भोंगा बंद असतो, विनियमांतली कोणतीही सवलत उरलेली नसते, जवान थकलेले असतात आणि टाकी अर्धवट रिकामी असण्याची शक्यता सर्वांत जास्त असते, तरीही त्या प्रवासाकडे पाहण्याची रीत आजवर पडलेली नाही.