राजगडाच्या मुलखात आपले स्वागत



भोर-वेल्ह्याच्या वतीने भाटघरला आपले मनःपूर्वक स्वागत. समोरच्या जलाशयाला येसाजी कंकांचे नाव आहे, डोंगरापलीकडे राजगड आहे. गुप्तचर यंत्रणांवर बोलायला याहून योग्य जागा कोणती?

१६६४ मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर गेले, ते त्यांचे हेर बहिर्जी नाईक यांनी आणलेल्या बातमीवर. १६७९ मध्ये जालन्याहून परतताना शत्रूने गाठले, तेव्हा आडवाटांनी फौज पट्ट्यावर सुखरूप नेली तीही त्यांनीच. बहिर्जींच्या वेषांतराच्या कथा आपण हौसेने सांगतो. त्यांतल्या बहुतेकांना कागदाचा आधार नाही. मला मोलाचे वाटते ते हे, की बातमी आणणारा माणूस थेट धन्याशी बोलत होता आणि धनी त्यावर विश्वास ठेवून घोड्यावर बसत होता.

आज बातमीपासून धन्यापर्यंतची वाट लांबली आहे. १८८७ पासूनची इंटेलिजन्स ब्युरो, म्हणजे आयबी, गृहखात्याकडे आहे. पूर्वी परदेशातील बातम्याही तीच गोळा करी. १९६२ आणि १९६५ च्या युद्धांत उणिवा दिसल्या, म्हणून १९६८ मध्ये रामेश्वरनाथ काव यांच्या हाताखाली ‘रॉ’ वेगळी झाली. ती पंतप्रधानांना उत्तरदायी. मुंबईवरील हल्ल्यानंतर २००८ मध्येच राष्ट्रीय तपास संस्था, म्हणजे एनआयए, आली. ती हेरगिरी करत नाही, गुन्ह्याचा तपास करून खटला उभा करते. वर्तमानपत्रांत हा फरक सर्रास पुसला जातो, त्याचे मला वाईट वाटते. त्या हल्ल्याआधी समुद्रमार्गाचे इशारे आले होते. वेगवेगळ्या कार्यालयांतली माहिती एकत्र आणणारे मल्टी एजन्सी सेंटरही कारगिलनंतर उभे राहिले होते. तरी इशाऱ्याचा बंदोबस्त झाला नाही आणि माणसे गेली.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. एनआयएला संसदेचा कायदा आहे. आयबी आणि रॉ यांची स्थापना करणारा कायदा आजही नाही, त्यांच्या कामावर देखरेख करणारी संसदीय समितीही नाही. ब्रिटनने आपल्या एमआय-५ या गुप्तचर संस्थेला १९८९ मध्ये कायद्याच्या चौकटीत आणले, त्याने तिचे काम थांबले नाही. चौकट असेल तर नागरिकाचे रक्षण होते, आणि वरून चुकीचा हुकूम आला तर प्रामाणिक अधिकाऱ्यालाही पाय रोवायला जागा मिळते.

दुपारच्या सत्रात निवृत्त अधिकारी आणि वकील समोरासमोर बसणार आहेत. कायद्याच्या चौकटीच्या या प्रश्नावर मोकळेपणाने बोला, एवढी स्वागत समितीची विनंती आहे.