साखर अर्धवट जळते तेव्हा

आज साखरेबद्दल बोलूया. चहातल्या नाही, पेशीतल्या.

ग्लुकोजचा एक रेणू घ्या. पेशी आधी त्याचे दोन तुकडे करते. याला ऑक्सिजन लागत नाही. कमाई किती? फक्त २ एटीपी. एटीपी म्हणजे पेशीतले सुट्टे पैसे, बहुतेक कामांना तेच मोजावे लागतात. ऑक्सिजन असेल तर ते तुकडे पुढे मायटोकॉन्ड्रियात जाऊन पूर्ण जळतात. उरतं कार्बन डायऑक्साइड आणि पाणी, आणि एकूण कमाई जाते साधारण ३० एटीपीवर!

मग ऑक्सिजन नसेल तर बाकीची ऊर्जा कुठे जाते? कुठेच नाही, बरीचशी तुकड्यांतच अडकून राहते. पुरावा तुमच्या बाईकच्या टाकीत आहे. आपल्याकडचे साखर कारखाने उसाच्या मळीत यीस्ट सोडतात. यीस्ट हवेशिवाय साखर फोडतं, २ एटीपी घेतं आणि इथेनॉल टाकून देतं. तेच इथेनॉल पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळतात. म्हणजे यीस्टने सोडून दिलेल्या ऊर्जेवर आपण पाम बीच रोडवर गाडी पळवतो!

आपलं शरीर इथेनॉल नाही बनवत, लॅक्टेट बनवतं. वाशी स्टेशनवर सुटती लोकल पकडायला जीव खाऊन पळालात की पायांचे स्नायू थोडा वेळ या उधारीवर चालतात. गाडीत बसून धापा टाकल्या की हिशेब मिटतो. लॅक्टेटही वाया जात नाही, हृदय आणि यकृत ते वापरतात.

मेंदूला मात्र ही उधारी परवडत नाही. वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण ऊर्जेचा खर्च जवळपास २० टक्के. हृदय थांबलं की ऑक्सिजन थांबतो, ३० चे २ होतात आणि चार-पाच मिनिटांत मेंदूच्या पेशी मरायला लागतात. ट्रॅफिकमधून ॲम्ब्युलन्स एवढ्या वेळात पोचेल याची खात्री कोण देणार?

म्हणून हे लक्षात ठेवा. कोणी कोसळलं, हाकेला ओ देत नाही, श्वास नाही किंवा नुसते आचके येतायत, तर एकाला १०८ लावायला सांगा. तुम्ही छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात दाबायला लागा. किमान ५ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. मदत येईपर्यंत थांबू नका.

रक्तात थोडा ऑक्सिजन अजून शिल्लक असतो. तो मेंदूपर्यंत पोचवणारा पंप तेवढा वेळ तुमचे हात असतात.

भेटू पुढच्या भागात. हा भाग घरच्या ग्रुपवर नक्की टाका!