बाळंतपणाची रजा कुणाला?

सरकारनं बाईसाठी काय केलं, हे परळात उभं राहून विचारा. बाबासाहेब इथं पोयबावडीच्या बी.आय.टी. चाळीत राहायचे. २८ जुलै १९२८ ला कायदेमंडळात ते म्हणाले, बाळंतिणीला विसावा मिळण्यात राष्ट्राचं हित आहे, म्हणून भार मुख्यतः सरकारनं उचलावा. १९२९ ला कायदा झाला. भार मात्र एकट्या मालकावर. मालकाला बाईच महाग वाटायला लागली. रात्रपाळी तिला बंद होतीच. रिळिंग, वाइंडिंग खात्यातल्या बाया घटत गेल्या.

२०१७ पासून रजा २६ आठवड्यांची. कागद झकास! पण गिरण्यांच्या जागेवर टॉवर आले, नि गिरणीवालीची नात तिथं विसाव्या मजल्यावर भांडी घासते. कायदा कारखान्याला लागू, दहा माणसांच्या दुकानाला लागू. तिला नाही. सातव्या महिन्यात ती घरी बसली की मालकीण दुसरी ठेवते. २००८ च्या घरेलू कामगार कायद्यात मदतीची तरतूद आहे, पगारी रजेचा हक्क नाही.

२०२४ ला ‘लाडकी बहीण’ आली, महिना पंधराशे. घ्या, सोडू नका, पैसा आपलाच आहे. पण त्या पंधराशेत बाळंतपणाची रजा मिटवू देऊ नका. आपल्या चाळीत घरकामाला जाणाऱ्या किती, मंडळात नोंद कितीजणींची, ते आधी मोजा. आकडा हातात आला की आमदाराच्या दारात जाऊ. जयभीम.